रिफ्लेक्सॉलॉजी करून बघायची आहे? आधी पाय नीट बघा

रिफ्लेक्सॉलॉजीला जाणाऱ्या माणसाचे पाय बहुतेक वेळा दुखत नसतात. दुखत असतं डोकं, नाहीतर कंबर. झोप लागत नसते, ॲसिडिटी पाठ सोडत नसते, शुगर गोळ्यांना दाद देत नसते. मग ओळखीतलं कोणीतरी सांगतं, 'तिथं एकदा जाऊन या, नुसते तळपाय दाबतात, आमच्या मेव्हण्यांना चांगला फरक पडला.' औषध घ्यायचं नाही, सुई टोचून घ्यायची नाही, कपडेही काढायचे नाहीत. करून बघायला काय हरकत आहे?

बहुतेकांना काहीच हरकत नाही. काही जणांना मात्र आहे, आणि पंचाईत अशी की ज्यांना आहे तेच तिथं जास्त आशेनं जातात. त्यांच्याकडे येऊच, पण त्याआधी हा प्रकार नक्की काय आहे ते पाहू.

रिफ्लेक्सॉलॉजीच्या कुठल्याही सेंटरमध्ये भिंतीवर दोन तळपायांचा रंगीत तक्ता असतो. त्यात अंगठा म्हणजे डोकं आणि मेंदू. बाकीच्या बोटांच्या बुडाशी डोळे आणि कान. चवड्यावर फुफ्फुसं, तळव्याच्या खोलगट भागात जठर, मूत्रपिंड, आतडी. टाचेत कंबरेखालचा भाग. पायाची आतली कड म्हणजे पाठीचा कणा. यकृत फक्त उजव्या पायात, हृदय डाव्या. या तक्त्याच्या आधारे दोन दावे केले जातात. पहिला असा की त्या त्या जागी दाब दिला की तो अवयव सुधारतो. दुसरा असा की दाबल्यावर जिथं दुखतं, तिथल्या अवयवात काहीतरी बिघाड आहे. पहिला दावा उपचाराचा, दुसरा निदानाचा. दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात, कारण दुसरा पहिल्यापेक्षा बराच जास्त घातक आहे.

ही विद्या पाच हजार वर्षांपूर्वीची आहे असं हमखास सांगितलं जातं. पुरावा म्हणून इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या अंखमाहोरच्या थडग्यातलं चित्र दाखवतात. ते इसवी सनापूर्वी २३००च्या आसपासचं आहे. त्यात काही माणसं दुसऱ्यांचे हातपाय हातात घेऊन बसलेली दिसतात. ते उपचार करताहेत की नखं साफ करताहेत, यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. भिंतीवरचा तक्ता मात्र अमेरिकेतला आहे. विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पून, एका पट्ट्यात कुठंही दाबलं तरी त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या जागेचं दुखणं बोथट होतं, असं मांडलं. १९१७ साली त्यावर पुस्तक आलं. हे डॉक्टर बोटांना रबरबँड आणि कपडे वाळत घालायचे चिमटेसुद्धा लावत. पुढं १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे सगळं तळपायावर आणलं आणि अवयवांचा नकाशा काढला. म्हणजे 'प्राचीन' म्हणून जो दाखवला जातो त्या तक्त्याची अजून शंभरीही भरलेली नाही. नवं म्हणून वाईट असं काही नसतं. पण हजारो वर्षांच्या अनुभवाचा दाखला देऊन कोणी पैसे मागत असेल, तर तो दाखला खरा नाही एवढं माहीत असावं.

आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक ॲक्युप्रेशर. त्यातले बिंदू चिनी वैद्यकातल्या वाहिन्यांवरचे असतात आणि अंगभर पसरलेले असतात. रिफ्लेक्सॉलॉजीचा नकाशा मुख्यतः तळपाय, तळहात आणि कान एवढ्यापुरता. पाटीवर मात्र दोन्ही नावं शेजारी शेजारी असतात आणि आत गेल्यावर जे मिळतं ते बहुधा दोन्हींचं मिश्रण असतं. दुसरी गोष्ट आपल्या घरातली, काशाच्या वाटीनं तळपाय घासण्याची. आयुर्वेदात पादाभ्यंग आहेच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पायांना तेल लावण्याचे फायदे दिलेत: खरखरीतपणा, ताठरपणा, रुक्षपणा, शीण, बधिरपणा कमी होतो, नजर निवळते. पण यकृत इथं आणि मूत्रपिंड तिथं असा नकाशा त्यात नाही. तेव्हा 'हे आपल्या आयुर्वेदातलंच आहे' असं कोणी म्हटलं तर ते अर्धंच खरं आहे. पाय चोळणं आपलं आहे, तक्ता नाही.

आत गेल्यावर काय होतं? आरामखुर्चीत किंवा टेबलावर पाय लांब करून बसवतात. पुष्कळ ठिकाणी आधी कोमट पाण्याच्या टबात पाय ठेवायला लावतात. मग पुसून, तेल किंवा पावडर लावून, अंगठ्याच्या टोकानं तळवाभर दाब देत जातात. अंगठा मोडून, सरळ करून, सुरवंटासारखा इंच इंच पुढं सरकतो. थाई पद्धतीत लाकडी काडी वापरतात, आणि ती चवड्याच्या हाडांमध्ये घुसली की भलेभले खुर्चीचे हात घट्ट धरतात. पाऊण तास ते तासभर चालतं. काही जागा दुखतात, काही ठिकाणी गुदगुल्या होतात, आणि शेवटी बहुतेकांना झोप येते. एका पायात २६ हाडं आणि तीसहून जास्त सांधे असतात, आणि ते दिवसभर बुटात कोंडलेले असतात. ते कोणी तासभर सैल करून दिले तर बरं वाटणारच. हा तिसरा दावा, भिंतीवर न लिहिलेला, आणि माझ्या मते तेवढा एकच निर्विवाद खरा.

आता पहिल्या दोन दाव्यांचा पुरावा. निदानाच्या दाव्याची एक साधी, सरळ परीक्षा २००० साली ब्रिटनमध्ये झाली. १८ प्रौढ माणसं घेतली, ज्यांना सहा ठरावीक आजारांपैकी एक किंवा अधिक होते. दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टना यातलं काहीही न सांगता फक्त पाय तपासायला दिले आणि प्रत्येक आजार असण्याची शक्यता किती ते विचारलं. त्यांचे अंदाज खऱ्या आजारांशी जुळले नाहीत. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे त्या दोघांचं एकमेकांशीही जमलं नाही. एकाच पायाकडे बघून दोन जाणकार वेगवेगळं सांगत असतील, तर पाय काही सांगत नसतो. म्हणून 'तुमची किडनी थोडी वीक आहे' हे वाक्य ऐकून घाबरू नका. आणि 'हार्ट एकदम ओके आहे' हे ऐकून निर्धास्त तर त्याहून होऊ नका. जिना चढताना छाती भरून येणाऱ्या माणसाला हे दुसरं वाक्य महागात पडू शकतं.

उपचाराच्या दाव्यावर अभ्यास पुष्कळ झालेत, पण बरेचसे लहान आणि ढिसाळ. पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अशा २३ चाचण्या एकत्र पाहिल्या. आठांत फायदा दिसला, चौदांत नाही, एक अधांतरी. कुठल्याही एका आजारावर हा उपचार खात्रीनं चालतो असं यातून ठरत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. ऑस्ट्रेलिया सरकारनं अशा उपचारांचा पुरावा तपासून घेतला आणि १ एप्रिल २०१९ पासून सरकारी सवलत मिळणाऱ्या खासगी आरोग्य विम्यातून १६ उपचारपद्धती वगळल्या. त्यात रिफ्लेक्सॉलॉजी होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये १९९९ साली ३२ निरोगी तरुणांच्या पायावर मूत्रपिंडाची म्हणून सांगितलेली जागा दाबली आणि डॉप्लर सोनोग्राफीनं मूत्रपिंडातला रक्तप्रवाह मोजला. दुसऱ्या जागा दाबलेल्यांपेक्षा त्यात थोडा फरक आढळला. रिफ्लेक्सॉलॉजीचे समर्थक हा दाखला देतात आणि तो रास्त आहे. पण निरोगी माणसाच्या रक्तप्रवाहात काही मिनिटं फरक पडणं आणि आजारी मूत्रपिंड सुधारणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर अजून कोणी ओलांडून दाखवलेलं नाही.

मला सगळ्यात उद्बोधक वाटतो तो अमेरिकेतला २०१२ चा अभ्यास. स्तनाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात असलेल्या ३८५ स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला प्रशिक्षित माणसाकडून रिफ्लेक्सॉलॉजी, दुसऱ्याला त्या विषयातलं काही न येणाऱ्याकडून नुसतं पाय चोळणं, तिसऱ्याला फक्त नेहमीचे वैद्यकीय उपचार. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात दम लागण्याचा त्रास कमी झाला, रोजची कामं जरा सोपी झाली. वेदना, मळमळ, नैराश्य यांत फरक नाही. आणि थकवा? तो कमी झाला, पण नुसते पाय चोळून घेतलेल्या गटात! कॅन्सरवर उपचार म्हणून नव्हे, उपचार सोसताना आराम म्हणून याला जागा आहे. आणि त्यातला मोठा भाग कदाचित नकाशाचा नसून हाताचा आहे, असं यातून दिसतं.

मग मेव्हण्यांना फरक पडला तो कसा? कंबरदुखी, डोकेदुखी, ॲसिडिटी, निद्रानाश हे सगळे चढउताराचे आजार आहेत. माणूस उपचाराला जातो तो दुखणं असह्य झाल्यावर, आणि त्यानंतर ते बहुधा आपसूक उतरणारच असतं. शिवाय तासभर कोणीतरी शांतपणे फक्त तुमच्याकडे लक्ष देतं, मोबाइल बाजूला असतो, शरीर सैलावतं. मेव्हणे खोटं बोलत नाहीत. श्रेय कोणाला द्यायचं एवढाच प्रश्न आहे.

एका युक्तीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण शिकलेली माणसंही तिला फसतात. काशाच्या वाटीचं मशीन आता पुष्कळ ठिकाणी दिसतं. तुपाचा किंवा तेलाचा हात लावून पाय त्या फिरत्या वाटीवर ठेवायचा, आणि थोड्या वेळानं तळवे काळे पडतात. 'बघा, अंगातली उष्णता निघाली, विषारी द्रव्यं निघाली.' कासं म्हणजे तांबं आणि कथिल यांचा मिश्रधातू. तेला-तुपातली आम्लं आणि घाम यांच्याशी तांब्याची क्रिया होते, घासल्यानं धातूचे बारीक कण सुटतात, आणि ते काळं होतं. खात्री करायची असेल तर तीच वाटी तूप लावून लाकडी पाटावर जोर देऊन घासा. पाटातून उष्णता निघत नसावी. 'डिटॉक्स फुट बाथ' म्हणून विजेवर चालणारा टब असतो, त्यातलं मिठाचं पाणी तपकिरी होतं, ते आतल्या धातूच्या पट्ट्या गंजल्यामुळं. पाय न घालता चालू केला तरी पाणी तसंच होतं. तळव्यातल्या कणकणीत जागा म्हणजे साठलेले 'क्रिस्टल', आम्ही ते फोडतो, हेही याच जातीतलं. युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठतात हे खरं, त्याला गाऊट म्हणतात. पण ते अंगठ्यानं दाबून फुटत नाहीत, आणि गाऊटनं सुजलेला सांधा कोणी दाबला तर माणूस खुर्चीतून उठून उभा राहील.

काळे तळवे बघून मौज वाटत असेल तर वाटू द्या, त्यानं नुकसान नाही. आता जिथं नुकसान होतं तिकडे वळू.

सगळ्यात मोठा धोका शुगरच्या पेशंटांना. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेली माणसं दहा कोटींच्या वर आहेत, तेव्हा हा परिच्छेद कुठल्या ना कुठल्या घराला लागू होणारच. बरीच वर्षं शुगर असली की पायाच्या नसा मंदावतात. आधी मुंग्या येतात, मग हळूहळू कळेनासंच होतं. चपलेत खडा गेलेला समजत नाही. अशा पायावर लाकडी काडीनं जोर दिला तर कातडीखाली इजा होते आणि पेशंट हसतमुखानं 'अजून दाबा' म्हणतो. सुरुवातीचा तो कोमट पाण्याचा टब जरा जास्त गरम असला तर फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असला तर ती जखम महिनोन् महिने भरत नाही, चिघळते, आणि पुढचं सांगायला नको. ॲक्युप्रेशरच्या काटेरी चपला, लाकडी रोलर, बागेतले गोट्यांचे ट्रॅक, उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा, हे सगळं याच यादीतलं.

तुमच्या पायाला कळतं की नाही, हे घरी दोन मिनिटांत बघता येतं. पेशंटला झोपवा, मोजे काढा, डोळे मिटायला सांगा. त्याचा उजवा पाय कोणता, डावा कोणता हे त्याला आधी हात लावून सांगा. मग तर्जनीच्या टोकानं अगदी हलका स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद, बस्स. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, घासायचं नाही. आधी उजव्या पायाचा अंगठा, मग उजवी करंगळी, मग डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजव्या पायाचं मधलं बोट आणि शेवटी डाव्याचं. स्पर्श कळला की त्यानं 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. नाही कळलं तर तिथं पुन्हा हात लावायचा नाही, 'नाही' लिहून पुढं जायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची संवेदना कमी झालेली असण्याची दाट शक्यता आहे. अशा पायाला कोणाकडूनही दाब देऊन घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. ही चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी बसवलेली आहे आणि तिला बोटाखेरीज काही लागत नाही. सहाही ठिकाणी कळलं तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घेणं चुकत नाही.

दुसरा धोका रक्ताच्या गुठळीचा. एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, लालसर झालीय, तर ती पायाच्या खोल शिरेत गुठळी असू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जातो. ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा खूप लांबचा विमानप्रवास यांनंतर हे जास्त होतं. अमेरिकेहून येताना पाय भरून आले म्हणून वाटेत विमानतळावरच फूट मसाज घेणारे पुष्कळ असतात. दोन्ही पाय सारखेच जड झाले असतील तर ठीक. एकच सुजला असेल तर मसाज नको, डॉक्टर.

बाकीचं भराभर सांगतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर जोराच्या दाबानं काळंनिळं पडतं, आधी सांगा. फ्रॅक्चर, ताजी मुरगळ, गाऊट, चिखल्या, पायावरची जखम किंवा तापासकट आलेली लाल सूज असेल तर थांबा. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नको. केमोथेरपी चालू असेल तर प्लेटलेट कमी असू शकतात आणि हातपाय बधिर झालेले असू शकतात, तेव्हा आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात पहिले तीन महिने बरेच रिफ्लेक्सॉलॉजिस्ट स्वतःच नको म्हणतात. त्यानं गर्भपात होतो याचा चांगला पुरावा नाही, पण तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये हे बरं.

करणारा माणूस कसा ओळखायचा? इथं अडचण आहे. ॲक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. रिफ्लेक्सॉलॉजीसाठी तसा स्वतंत्र कायदा किंवा कौन्सिल नाही. निसर्गोपचार आणि योग यांची साडेपाच वर्षांची पदवी घेतलेले डॉक्टर असतात, तसे शनिवार-रविवारच्या शिबिरात प्रमाणपत्र मिळवलेलेही असतात, आणि दोघांच्याही भिंतीवर तक्ता तोच असतो. तेव्हा शिक्षण काय, कुठं, किती काळ, हे न संकोचता विचारा. त्याहून चांगली कसोटी म्हणजे ते तुम्हाला काय विचारतात. शुगर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, ऑपरेशन झालंय का, असं विचारून, पाय उजेडात नीट न्याहाळून, मगच हात लावणारा माणूस भला. कुरूप किंवा टाचेच्या भेगा ब्लेडनं कापून देतो म्हणाला तर शुगरवाल्यांनी पाय मागं घ्यावेत.

पैशाचं म्हणाल तर पहिल्याच भेटीत दहा-वीस सिटिंगचं पॅकेज घेऊ नका. एक घ्या, घरी जा, दोन-तीन दिवस बघा. 'आठ सिटिंगनंतर फरक दिसायला लागेल' हे वाक्य उधारीवर आशा विकणारं आहे. पहिल्या सिटिंगनंतर डोकं दुखलं, जुलाब झाले, अंग मोडून आलं, तर 'हीच बरं होण्याची खूण, विष बाहेर पडतंय' असं सांगतात. बरं वाटलं तर उपचार लागू पडला आणि त्रास झाला तरी लागू पडला, असं असेल तर तो लागू पडला नाही हे कळणार कधी? जाताना 'आता भरपूर पाणी प्या' असंही सांगतात. एरवी त्यात काही वावगं नाही. पण डायलिसिसवर असलेल्यांना किंवा हृदय कमजोर असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं, त्यांनी ते मोडू नये.

गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे मात्र दुसऱ्यांदा जाऊ नका. इन्शुलिन, बीपीची, थायरॉइडची, फिटची गोळी, कुठलीही असो. खरोखरच शुगर उतरली असेल तर ती तीन महिन्यांच्या सरासरीच्या रिपोर्टमध्ये दिसेल आणि तुमचे डॉक्टरच डोस कमी करतील. छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, शौचातून रक्त, कारणाशिवाय वजन उतरणं, यातलं काही असेल तर आधी दवाखाना. पायांचं पुढं बघता येईल.

आणि एवढं सगळं पाहून जायचं ठरलं तर मजेत जा. पोट भरल्यावर लगेच नको. जोर जास्त वाटला तर तोंडानं सांगा. सहन केल्यानं गुण जास्त येतो असं काही नाही. टबात पाय घालण्याआधी पाणी कोपरानं किंवा सोबतच्या माणसाच्या हातानं बघा. संपल्यावर खुर्चीतून एकदम उठू नका, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर येते. तळव्याला तेल असतं आणि फरशी गुळगुळीत असते, तेव्हा पुसून मगच चप्पल घाला. घरी आल्यावर दिव्याखाली तळवे एकदा बघा, बोटांच्या बेचक्यांसकट; खाली वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. कुठं सोललंय, फोड आलाय, काळंनिळं पडलंय असं दिसलं आणि तुम्हाला शुगर असेल, तर सकाळची वाट बघू नका.